सेशनला कुलूप लावताना



बेंगळुरूत नोकरीला आलो तेव्हा आम्ही तिघे मित्र एका भाड्याच्या घरात राहायचो. संगणक तिघांत एकच. मला नाद मडचा. मड म्हणजे नुसत्या अक्षरांवर चालणारा ऑनलाइन खेळ. चित्रं नाहीत, 'उत्तरेला जा' असा हुकूम टाइप करायचा आणि पुढच्या खोलीचं वर्णन वाचायचं. पहिला मड १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉनं लिहायला घेतला, पुढे रिचर्ड बार्टलनं तो वाढवला. असे खेळ आजही चालू आहेत. स्क्रीन रीडर वापरणारे अंध खेळाडूही ते आवडीनं खेळतात.

एका रात्री कामावरून आलो, तर माझ्या पात्राची तीन वर्षांची कमाई, ढाल-तलवारीसकट, विकलेली! मित्रानं गंमत म्हणून माझं सेशन उघडलं होतं. त्यानं पासवर्ड चोरला नव्हता. मीच तो सेव्ह करून ठेवला होता. नावावर क्लिक केलं की थेट आत.

मग प्रत्येक सेशनला वेगळं कुलूप लावायचं मनात आलं. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. उघडताना पासवर्ड विचारणारी खिडकी म्हणजे दाराला लावलेला पडदा. सेशनची माहिती फाइलमध्ये असते, आणि ती बहुधा साध्या अक्षरांत. टिनटिन++ सारख्या क्लायंटची फाइल नोटपॅडमध्येही वाचता येते. त्यात लॉगिनचा हुकूम लिहिला असेल, तर पासवर्डही दिसतो. खरं कुलूप तेच, जे तुमच्या पासवर्डवरून किल्ली तयार करून फाइलच सांकेतिक करतं. मात्र तो पासवर्ड विसरलात, तर फाइलही गेली.

मग करायचं काय?

पहिलं, संगणकावर प्रत्येकाचं वेगळं खातं उघडा. एकाच्या खात्यातल्या फाइल दुसऱ्याच्या साध्या खात्यातून सहसा उघडत नाहीत. प्रशासकाला त्या पाहता येतात, म्हणून ते अधिकार सगळ्यांना देऊ नका.

दुसरं, पासवर्ड फाइलमध्ये लिहू नका. मडलेटमध्ये तो प्रोफाइलसोबत ठेवायचा की संगणकाच्या सुरक्षित साठ्यात, हे निवडता येतं. दुसरा पर्याय घ्या.

तिसरं, उठताना पडदा बंद करा. विंडोजवर विंडोजचं बटण आणि एल. लिनक्सवर स्क्रीन या प्रोग्राममध्ये खेळत असाल, तर कंट्रोल-ए आणि मग एक्स.

चौथं, साधं टेलनेट पासवर्ड उघडाच पाठवतं. खेळाच्या सर्व्हरवर टीएलएसची सोय असेल तर तीच वापरा. आणि बँकेचा पासवर्ड खेळाला कधीच देऊ नका.

त्या तलवारीपायी आमचा आठवडाभर अबोला होता. तलवार मी पुन्हा मिळवली, मित्रही टिकला. पण खातं वेगळं असतं, तर त्याला तो मोहच झाला नसता. कुलूप फक्त चोरासाठी नसतं मंडळी, घरातल्या माणसांवरचा विश्वास टिकावा म्हणूनही ते लावायचं असतं.

भेटू पुढच्या भागात.