गुळवेलीचा काढा आणि यकृताची काळजी

कडुनिंबावर चढलेली गुळवेल उत्तम, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानले जाते. आयुर्वेदाने तिला ‘अमृता’ असे नाव दिले आहे. 2020 साली कोविडची साथ आली आणि रोगप्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घरोघरी तिचा काढा उकळू लागला. आयुष मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांतही गुडूचीचा समावेश होता.

त्यानंतर 2021 साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर कावीळ झालेल्या 6 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. यकृताचा जुना, सुप्त विकार असलेला त्यांतील एक रुग्ण दगावला. मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या, परंतु यकृताला अपायकारक असलेल्या ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ या वेलीशी गल्लत झाली असावी, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. पुढे 2022 साली देशातील 13 केंद्रांमधील अशा 43 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला.

यकृताला अपाय होतो कसा? पोटात गेलेल्या बहुतेक औषधांवर, मग ती गोळीच्या रूपात असोत वा पाल्याच्या, यकृतालाच प्रक्रिया करावी लागते. शिवाय गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते. ज्यांच्या शरीरात ही शक्ती मुळातच स्वतःच्या पेशींवर उलटण्याकडे झुकलेली असते, त्यांच्या यकृताला सूज येऊ शकते. असे अनेकांच्या बाबतीत घडत नाही. परंतु आपण त्या मोजक्यांपैकी आहोत की नाही, हे काढ्याचा पेला उचलताना कोणालाच ठाऊक नसते.

म्हणून थायरॉइडचा स्वप्रतिकारजन्य विकार, संधिवात वा यकृताचा जुना आजार असलेल्यांनी असा काढा स्वतःच्या मनाने घेऊ नये. भूक मंदावणे, मळमळ, अंगाला खाज, गडद लघवी, डोळ्यांत पिवळेपणा यांपैकी काही जाणवल्यास काढा त्वरित थांबवून यकृताच्या कार्याची रक्ततपासणी करून घ्यावी. वेळीच थांबल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात.

‘कोणती औषधे घेता?’ असे डॉक्टरांनी विचारले, की आपण गोळ्यांची नावे सांगतो. काढा मात्र सांगायचा राहून जातो, कारण त्याला आपण औषध मानतच नाही. आयुर्वेदाने मात्र वनस्पतीला नेहमीच औषध मानले, तिची मात्रा, काळ आणि रुग्णाची प्रकृती पाहूनच ती दिली. तोच विवेक आपणही बाळगला, तर अमृता खऱ्या अर्थाने अमृता ठरेल.