स्नोमोबाइलचा फ्युएल फिल्टर बदलणे परवडते का?

गुलमर्गला गेलेल्या पर्यटकांनी बर्फावर धावणारी स्नोमोबाइल पाहिली असेल. आपल्यासाठी ती हौस. अलास्का, उत्तर कॅनडात मात्र अनेक गावांचे हिवाळ्यातले वाहनच. वस्तीपासून दूर, उणे ३० अंशांत इंजिन बंद पडले तर जिवावर बेतते.

फिल्टरचे काम काय?
पेट्रोलमधला कचरा अडवणे. तो तुंबला की इंजिनाला पेट्रोल कमी पडते. टू-स्ट्रोक इंजिन त्यामुळे जास्त तापते आणि पिस्टन जाम होऊ शकतो.

खर्च किती?
कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत फिल्टर बहुधा पेट्रोलच्या पाइपवरच असतो. स्वस्त आणि काही मिनिटांत बदलता येणारा. तो दर मोसमाआधी बदललेला बरा. इंजिन उघडण्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो. फ्युएल इंजेक्शनच्या अनेक मॉडेलमध्ये मात्र फिल्टर टाकीत, पंपासोबत असतो. तिथे मजुरी वाढते. त्यामुळे मॅन्युअलमधली मुदत पाहावी. पिकअप मिळत नसेल, तर आधी इंधनाचा दाब तपासून घ्यावा.

हे विसरू नका
फिल्टरवर बाण असेल तर त्याचे टोक इंजिनाच्या दिशेने हवे. बसवल्यावर पेट्रोल गळत नाही ना, हे पाहूनच इंजिन सुरू करा.