दगड विरघळतो, बीकर राहतो

जुन्नरजवळचा शिवनेरीचा कडा, लेण्याद्रीच्या गुंफा, माळशेजच्या भिंती आणि आंबेगावच्या पश्चिमेला भीमाशंकरकडे चढत जाणारे डोंगर, सगळा एकच काळा दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले. डोळ्यांना ते सारखेच दिसतात. तरी 1980च्या दशकात भूवैज्ञानिकांनी सह्याद्रीतल्या या थरांचे रासायनिक गुणांवरून गट पाडले आणि त्यांतल्या एकाला ‘भीमाशंकर’ हेच नाव मिळालं.

यातली काही मोजमापं दगडाच्या भुकटीवर क्ष-किरण टाकून होतात. पण स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं प्रमाण काढायचं, तर दगडाचं पाणीच करावं लागतं. बेसाल्टमध्ये जवळपास निम्मी सिलिका. तिला नायट्रिक किंवा सल्फ्युरिक अ‍ॅसिड दाद देत नाही. तिथे हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड लागतं. अडचण अशी, की काचही सिलिकाचीच. ज्या अ‍ॅसिडाने दगड विरघळतो ते काचेचं भांडंही खातं. म्हणून हे काम टेफ्लॉनच्या बीकरमध्ये चालतं.

हा बीकर दिसायला अगदी साधा असतो. जाड बुडाचा, मेणचट स्पर्शाचा, आट्याच्या झाकणाचा. पीटीएफई प्रकारातला पांढराशुभ्र, पीएफए प्रकारातला दुधाळ आणि अर्धपारदर्शक. त्यात चिमूटभर भुकटी घालणं हेच पहिलं दिव्य. कोरड्या हवेत टेफ्लॉनवर स्थिर विद्युतभार साचतो आणि मोजूनमापून घेतलेले कण उडून भिंतींना चिकटतात. त्यांना आधी पाण्याच्या थेंबाने ओलं करून घेतात. मग अ‍ॅसिडं घालून, झाकण आवळून, बीकर एकदोन दिवस गरम तव्यावर. झाकण काढून अ‍ॅसिड आटवलं, की सिलिका फ्लोराइडचा वायू होऊन निघून जाते. म्हणजे भीमाशंकरचा निम्मा दगड धुराड्यातून वर जातो आणि कामाचं ते तळाशी उरतं. थर ओळखायचे ते त्यातल्या स्ट्रॉन्शियमवरून, दशांशचिन्हानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या अंकातल्या फरकाने. भांड्यातून परकं काही झिरपलं, तर त्या अंकाला काय अर्थ? टेफ्लॉनचा निर्लेपपणा इथे स्वयंपाकघरातल्या तव्यापेक्षा फार मोठ्या कामाला येतो.

हा पदार्थ कोणी शोधायला निघालं नव्हतं. 6 एप्रिल 1938 रोजी अमेरिकेत ड्युपाँ कंपनीत रॉय प्लंकेट यांच्या नळकांड्यातून वायू येईना, वजन मात्र भरलेल्या नळकांड्याइतकंच. ते कापलं, तर आत पांढरी भुकटी. हाच टेफ्लॉन, म्हणजे पीटीएफई. कार्बनच्या लांब साखळीला चहूबाजूंनी फ्लोरिनचं चिलखत, आणि कार्बन-फ्लोरिन बंध तर भलताच चिवट. त्यामुळे ती 260 अंशांपर्यंत बिनघोर वापरता येते. वितळलेलं सोडियम आणि तापलेला फ्लोरिन वायू सोडले, तर तिला फारसं काही बाधत नाही. ती 327 अंशांना वितळते खरी, पण वाहत नाही. म्हणून दाबून, भाजून ठोकळे करतात आणि लेथवर कातून वस्तू काढतात. पीएफए मात्र साच्यात ओतता येतं.

बीकरचं काम काळ्या दगडावरच संपत नाही. जुन्नर तालुक्यातच बोरीला, कुकडी नदीच्या काठी, ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. राख म्हणजे काचेचे सूक्ष्म कण. जवळच आदिमानवाची दगडी हत्यारं सापडल्याने तिच्या वयाला महत्त्व आलं. 1980च्या दशकाच्या अखेरीस ते सुमारे 14 लाख वर्षं सांगितलं गेलं. पुढे राखेच्या रसायनावरून काहींनी तिचा संबंध तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर, सुमात्रातल्या तोबाच्या सुमारे 74 हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाशी जोडला. वाद मिटलेला नाही. पण अशा काचेतली अंशमात्र मूलद्रव्यं मोजायला ती विरघळवायची ठरली, तर पुन्हा हाच बीकर.

प्रयोगशाळेबाहेर हाच पदार्थ कमी प्रतिष्ठेने वावरतो. त्याच तालुक्यातल्या नारायणगावच्या हार्डवेअर दुकानात टेफ्लॉन टेप मागा. ठिबकच्या आणि मोटरच्या जोडावर आट्याच्या दिशेने गुंडाळतात ती पांढरी पट्टी. बॉल व्हॉल्व्हमधला गोळा ज्या कड्यांवर फिरतो त्या, अ‍ॅसिडच्या लोखंडी पाइपांचं अस्तर, गॅस्केट. जवळच खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आकाश ऐकते. तिथे लागतात तशा रेडिओ कनेक्टरमध्ये मधल्या पिनेभोवतीचा पांढरा रोधकही सहसा हाच, कारण तो लहरी फारशा गिळत नाही. अंगात एक खोट आहे. सतत दाबाखाली टेफ्लॉन हळूहळू सरकतो, म्हणून नुसत्या टेफ्लॉनच्या गॅस्केटचे बोल्ट पुन्हा आवळावे लागतात.

मोठी खोट कारखान्यात आहे. टेफ्लॉन बनवताना वर्षानुवर्षं वापरलेलं पीएफओए हे सहायक रसायन पाण्यात आणि माणसांच्या रक्तात सापडलं, आणि 2019 मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. ते निसर्गात मोडतच नाही म्हटलं तरी चालेल. बीकरचा जो गुण आपण वाखाणतो, तोच इथे अंगाशी येतो. पाण्यातली असली रसायनं मोजणाऱ्या प्रयोगशाळा तर आधी उपकरणातल्या टेफ्लॉनच्या नळ्या काढून टाकतात. नाहीतर त्या नळ्यांतून आलेलं रसायनही नमुन्याच्या खात्यावर पडतं.