तारण आधी, कर्ज नंतर

अडचणीत आलेल्या बँकेला मध्यवर्ती बँक आणीबाणीचे कर्ज देते, असे एका वाक्यात सांगता येणारे काम प्रत्यक्षात रोख्यांच्या याद्या, गहाणपत्रे आणि घड्याळ यांच्याशी बांधलेले असते, आणि ते किती नाजूक आहे हे मार्च २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील सिलिकॉन व्हॅली बँकेच्या अखेरच्या दोन दिवसांत उघड झाले. अमेरिकेत या व्यवस्थेला ‘डिस्काउंट विंडो’ म्हणतात. कर्ज मागणाऱ्या बँकेने आधी करार करावा, रोखे किंवा येणी कर्जे तारण म्हणून फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेकडे गहाण ठेवावीत, त्यांचे मूल्य ठरावे, त्यातून सुरक्षेसाठी काही टक्के वजा व्हावेत आणि उरलेल्या मूल्याइतके कर्ज मिळावे, असा तिचा क्रम आहे.

८ मार्चला बँकेने सुमारे २१ अब्ज डॉलरचे रोखे विकून १.८ अब्जांचा तोटा सोसल्याचे जाहीर केले आणि ९ मार्चला एका दिवसात ४२ अब्ज डॉलर बँकेतून निघून गेले. बँकेकडे रोखे नव्हते असे नव्हे. परंतु व्याजदर वाढल्याने त्यांचे बाजारमूल्य घसरले होते, आणि २०२२ अखेर डिस्काउंट विंडोकडे गहाण ठेवलेले तारण केवळ ५.३ अब्जांचे होते, तर कर्ज उचलण्याची चाचणी त्या वर्षी एकदाही झालेली नव्हती. म्हणून ४२ अब्जांच्या ओघापुढे बँकेच्या कोषागार विभागातील कर्मचाऱ्यांना इतरत्र अडकलेले तारण फेडरल रिझर्व्हकडे हलवावे लागत होते, आणि हस्तांतरणाच्या यंत्रणांच्या वेळा न्यूयॉर्कच्या घड्याळावर चालतात, जे कॅलिफोर्नियाच्या तीन तास पुढे असते. या साऱ्या घटनाक्रमात लक्ष पुन्हापुन्हा त्या अनामिक कर्मचाऱ्यांकडेच वळते, कारण चूक त्यांची नव्हती. सराव न करण्याचा निर्णय त्यांच्यापेक्षा फार वर घेतला गेला होता. दुसऱ्या दिवशी आणखी १०० अब्ज डॉलर काढले जाण्याची शक्यता होती, आणि १० मार्चला राज्याच्या नियामकाने बँक बंद केली.

वॉल्टर बॅजट यांनी १८७३ साली मांडलेल्या सूत्रानुसार मध्यवर्ती बँकेने भीतीच्या काळात चढ्या व्याजाने, चांगल्या तारणावर, मुक्तहस्ते कर्ज द्यावे. १२ मार्चला फेडरल रिझर्व्हने जाहीर केलेल्या नव्या योजनेत मात्र रोख्यांचे मूल्य बाजारभावाऐवजी दर्शनी किमतीने धरले गेले, म्हणजे घसरलेल्या भावाचा भार तारणाच्या हिशेबातूनच वगळला गेला. धास्ती थांबवण्यास हे औदार्य कदाचित आवश्यक होते, परंतु ज्या बँकांनी आधीच काळजी घेतली होती त्यांच्यावर ते अन्यायकारक होते.

धास्तीचे पडसाद मुंबईपर्यंत आले: केवळ नावाच्या आद्याक्षरांतील साम्यामुळे एसव्हीसी सहकारी बँकेला अमेरिकेतील त्या बँकेशी आपला संबंध नसल्याचा खुलासा करावा लागला. भारतात बँकांचे सरकारी रोखे रिझर्व्ह बँकेच्याच खात्यांत नोंदलेले असल्याने तारण हलवण्याची ती धावपळ बरीच कमी होते, आणि ही व्यवस्था खरोखर शहाणपणाची आहे. तिचा लाभ मात्र सर्वांना सारखा नाही. रोख्यांच्या तारणावर रिझर्व्ह बँकेकडून एका रात्रीपुरते कर्ज घेण्याची सोय अनुसूचित बँकांना असते, नागरी सहकारी बँकांपैकीही ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या अनुसूचित बँकांनाच. देशात नागरी सहकारी बँका सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांतील असंख्य लहान बँकांच्या ठेवीदारांसाठी पाच लाखांपर्यंतच्या विम्यापलीकडे संकटात असा तयार आधार नाही.