रक्तातील विळा आणि पेशीतील बीज

छत्तीसगडची राजधानी रायपूर येथे केवळ एका रक्तरोगासाठी शासनाची स्वतंत्र संस्था आहे. हा रोग म्हणजे सिकलसेल. रायपूर जिल्ह्यातील ३ ते १५ वर्षे वयाच्या साडेतीन लाखांहून अधिक मुलांचे रक्त तपासण्यात आले. त्या पाहणीचा वृत्तान्त २०११ साली प्रसिद्ध झाला. तीत शेकडा ९ हून अधिक मुले या रोगाची वाहक आढळली. आपल्या विदर्भातही हा रोग पुष्कळ घरांतून आढळतो. तेव्हा त्याचे मूळ शरीरात नेमके कोठे असते, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

निरोगी माणसाच्या रक्तातील तांबडी पेशी वाटोळी व लवचीक असते. ती सुमारे १२० दिवस जगते. या रोगात ती ताठर होऊन विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि बहुधा २० दिवसांच्या आतच नष्ट होते. त्यामुळे रुग्णास पंडुरोग जडतो व हाडासांध्यांत असह्य वेदना होतात. रोग रक्तात दिसतो, तेव्हा त्याचे बीजही त्या तांबड्या पेशीतच असावे, असे वाचकांस साहजिकच वाटेल.

परंतु तसे नाही. आपल्या शरीरातील बहुतेक पेशींच्या आत एक केंद्रक असते. त्यात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात आणि ही गुणसूत्रे डी. एन. ए. नामक अतिसूक्ष्म धाग्याची बनलेली असतात. एका पेशीतील हा धागा उलगडला तर सुमारे २ मीटर लांब भरेल! आनुवंशिक गुणांचा सारा लेख त्यावर असतो. पक्व तांबड्या पेशीला मात्र केंद्रकच नसते. अस्थिमज्जेत तयार होत असता ती आपले केंद्रक बाहेर टाकते आणि त्या जागी प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन भरून घेते.

मोदकाच्या साच्यास चीर गेलेली असली, तर प्रत्येक मोदकावर ती उमटते. मोदक संपले तरी साचा तसाच राहतो. येथेही तसेच घडते. तांबडी पेशी हा मोदक होय. साचा आहे तो अस्थिमज्जेतील पेशींच्या केंद्रकात, ११ व्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर. तेथील एका जनुकातील एकच रासायनिक अक्षर बदललेले असते. म्हणूनच दुसऱ्याचे रक्त दिल्याने रुग्णास काही काळ आराम पडतो, परंतु रोगाचे मूळ जात नाही.

पांढऱ्या पेशींना मात्र केंद्रक असते. १८६९ साली फ्रीड्रिख मीशर यांनी जर्मनीतील ट्यूबिंगन येथे जखमांच्या पट्ट्यांवरील पुवातून पांढऱ्या पेशी वेगळ्या केल्या आणि त्यांच्या केंद्रकांतून हे द्रव्य प्रथम मिळविले. आजही रक्ताच्या नमुन्यावरून जनुकाची परीक्षा करताना या पांढऱ्या पेशींचाच उपयोग होतो.

केंद्रकाबाहेरही थोडे आनुवंशिक द्रव्य असते. पेशीला शक्ती पुरविणाऱ्या तंतुकणिकांत ३७ जनुके असतात व ती अपत्याला मातेकडूनच मिळतात. सिकलसेलचे जनुक या तंतुकणिकांत नसून केंद्रकात आहे, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. कारण केंद्रकातील ११ व्या जोडीपैकी एक गुणसूत्र माता देते व एक पिता देतो. बदललेले जनुक दोहोंकडून आले तरच अपत्यास हा रोग होतो. एकाकडूनच आले तर ते वाहक होते व बहुधा निरोगी आयुष्य जगते. आजारी बालक जन्मले म्हणून सुनेस बोल लावणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावे. हा वारसा दोन्ही घराण्यांचा असतो आणि त्यात कोणाचाही अपराध नसतो. उलट, वाहकास बालपणी तीव्र हिवतापापासून पुष्कळ संरक्षण मिळते. हिवतापाच्या प्रदेशांत हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले, ते याच कारणाने.

पती व पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी चारांत एक संभव रुग्ण अपत्याचा, दोन वाहकाचे व एक पूर्णतः मुक्त अपत्याचा असतो. पहिले मूल निरोगी निपजले म्हणून दुसऱ्याच्या बाबतीत निश्चिंत राहून चालत नाही.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे या रोगाच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंत निर्मूलन साधावे, हा त्याचा संकल्प आहे. तो घराघरांतूनच सिद्धीस जावयाचा आहे. ज्या भागात हा रोग आढळतो, तेथील तरुणतरुणींनी विवाहापूर्वी रक्त तपासून घ्यावे. दोघेही वाहक निघाल्यास संकोच न करता वैद्यकीय सल्ला घ्यावा, आणि विवाह झालेला असेल तर गर्भारपणाच्या अगदी आरंभीच घ्यावा. केंद्रकातील अक्षर आपण निवडलेले नसते. परंतु ते वेळीच वाचून घेणे आपल्या हाती आहे.