धाकटे पाद्री

पाटलाच्या हाताखाली चौगुला असे, हे बावड्या-इंदापूरकडच्या जुन्या माणसांना सांगायला नको. पण चर्चमध्येही असा हाताखालचा मानकरी असतो, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. पांढरा झगा दिसला की ‘पाद्रीबाबा’, एवढीच आपली ओळख!

इंग्लंडच्या चर्चच्या, म्हणजे अँग्लिकन परंपरेत पाद्र्यांच्या तीन पायऱ्या: डीकन, प्रीस्ट आणि बिशप. इंग्रजी कादंबऱ्यांत भेटणारा ‘क्युरेट’ म्हणजे पहिल्या पायरीवरचा, किंवा ती नुकतीच ओलांडलेला सहायक पाद्री. डीकनने शुभवर्तमान वाचावे, उपासनेत प्रीस्टला साहाय्य करावे, गावातले आजारी व गोरगरीब शोधून त्यांची खबर थोरल्या पाद्र्याला द्यावी. थोरला हजर नसेल तर तान्ह्या मुलाला बाप्तिस्माही द्यावा. मात्र प्रभुभोजनाची भाकर व द्राक्षारस पवित्र करण्याचा आणि पापक्षमेचे वचन उच्चारण्याचा अधिकार त्याला नाही. प्रीस्टची पट्टी गळ्याभोवतून पुढे लोंबते. डीकनची डाव्या खांद्यावरून तिरकी, थेट जानव्यासारखी!

या पदाची कथा मोठी मजेची आहे. पहिल्या ख्रिस्ती मंडळीत तक्रार उठली, की रोजच्या वाटपात काही विधवांना डावलले जाते. म्हणजे पंगतीतल्या दुजाभावाचेच भांडण म्हणा ना! तेव्हा वाढण्यासाठी सात भले पुरुष निवडले. परंपरा त्यांनाच आद्य डीकन मानते. ‘डीकन’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी सेवक.

आता आपल्या एका मराठी माणसाकडे पाहा. नीळकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ सालचा. घराणे चित्पावन, विद्या काशीची. १८४८ साली बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या गोरे झाले. पुढे महाराजा दुलीपसिंगांचे पंडित म्हणून त्यांनी विलायत पाहिली. ‘षड्दर्शनदर्पण’ हा त्यांचा हिंदी ग्रंथ १८६० साली निघाला आणि लगोलग इंग्रजीतही गेला. सहा दर्शने कोळून प्यालेला असा हा पंडित १८६८ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, डीकन झाला! तेविशीतल्या पोराला मिळणारी ती पायरी. प्रीस्ट व्हायला १८७० साल उजाडले. मधल्या काळात भाकर पवित्र करायची ती दुसऱ्याने; शास्त्रीबुवांनी साहाय्य करायचे. उत्तरायुष्यात ते पुण्यात कौली फादर्सबरोबर राहिले. पंडिता रमाबाईंच्या मनावर त्यांच्या लेखनाचा ठसा उमटला. १८९५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या एलन लक्ष्मी ही कवयित्री. तीही पुढे डीकनेस, म्हणजे सेविकाच झाली. बापलेकींना एकच शब्द लागला.

१९७० साली नागपुरात उत्तर भारतातील अँग्लिकन मंडळी इतर पंथांबरोबर ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त विलीन झाली. पुण्याचे पंचहौदाचे चर्चही आज त्याच छत्राखाली आहे. पण पहिली पायरी काही हटली नाही. आधी डीकन, मगच पुढचे.

चौगुल्याची पाटीलकी सहसा होत नसे. डीकन मात्र बिशपही होऊ शकतो. आणि झाला, तरी त्याचे डीकनपण सुटत नाही, असे ही परंपरा मानते. येत्या नाताळात एखाद्या चर्चमध्ये तिरक्या पट्टीचा तरुण दिसला, तर त्याला उमेदवार समजून नजर पुढे नेऊ नका. त्याचे काम पंगतीत वाढण्याचे आहे. आणि भुकेल्या माणसाला वाढप्याची किंमत सांगावी लागत नाही.