वाडा पडला, दप्तर कुठे गेले?

जुन्या वाड्यांच्या आठवणी लिहिण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. दिवाळी अंक उघडावा, तर कोणी ना कोणी आजोळच्या चौसोपी वाड्यासाठी डोळे पुसत असतो. माजघरातला झोपाळा, चौकातले तुळशीवृंदावन, माडीवर ऐकलेला पाऊस. हे लेखन खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु वाडा आतून पाहणाऱ्यांनीच वाड्याचा इतिहास लिहायचा काय? ज्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या बाहेर उभे राहून पाहिला, त्यांच्या आठवणी कोणी लिहायच्या?

सातारा जिल्ह्यातील आमच्या गावातही असा वाडा होता. परगण्याच्या वतनदारांचा. त्याला नाव नव्हते, नुसते ‘वाडा’ म्हटले की पुरे. खाली काळ्या घडीव दगडाचे थर, वर विटा. दरवाजाला लोखंडी खिळे, त्यात वाकून जाण्याइतकी दिंडी, आत देवडी. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात, आमच्या लहानपणी, त्या दिंडीतून चौकाची एक चिंचोळी पट्टी तेवढी दिसे. आमच्या वाड्याच्या आठवणी त्या पट्टीएवढ्याच!

मागची बाजू मात्र आम्हा पोरांना तोंडपाठ होती. परसदार, उकिरडा, मोरीचे तोंड, गोठ्याची भिंत. उन्हाळ्यात वाड्यातले ज्वारीचे पेव उघडले की त्याचा आंबूस वास पार आमच्या वस्तीपर्यंत येई. आजी सांगायची, पेवाच्या कडेची, ओल लागून काळी पडलेली ज्वारी ‘तुमच्या हक्काची’ म्हणून आमच्या लोकांना मिळे. मधली, पांढरी, वाड्यात राही. हक्क या शब्दाची एवढी क्रूर थट्टा दुसरी कोणती असेल?

आजा आम्हाला त्या भिंतीपाशी नेऊन दगडांचे थर मोजून दाखवी. “लेकरा, ह्यो कोपरा तुझ्या पणज्याच्या खांद्यावरनं आला,” म्हणायचा. डोंगरातून दगड ओढणे, चुन्याच्या घाणीमागे बैलाबरोबर फिरणे, हे सारे वेठीवर. आजाने स्वतः येसकरकी केली होती. देवडीबाहेरचा सपाट दगड ही त्याची बसायची जागा. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या वस्तीने गावकीची कामे टाकली. आजाने वाड्यासमोर ‘जोहार’ घालणे बंद केले. तो ‘जयभीम’ म्हणे आणि ताठ चालत पुढे जाई. त्याचे ते चालणे आम्ही पाहिले आहे. वाड्याच्या सगळ्या आठवणींत आम्हाला तीच सर्वांत मोलाची वाटते.

तो वाडा २००९ साली पडला. वारस पुण्या-मुंबईला, आपसांत वाटणीचे दावे, डागडुजीला कोणी तयार नाही. शेवटी सागवानी खांब, तुळया, कोरीव चौकटी व्यापाऱ्याला विकल्या गेल्या. घडीव दगड ट्रॅक्टरने गेला. आम्ही वाड्यात पहिल्यांदा पाऊल ठेवले ते भिंत पाडल्यावर, आणि दिवाणखाना पाहिला तो छप्पर गेल्यावर.

गावातील काही तरुणांनी तेव्हा पेढे वाटले. त्यांचा राग आम्हाला समजतो. पण त्या पडक्या दिवाणखान्यात आमचे लक्ष एका रिकाम्या लाकडी पेटाऱ्याकडे गेले. त्यात वाड्याचे दप्तर असे. लाल कापडाच्या रुमालांत बांधलेले मोडी कागद, गहाणखते, वसुलाच्या याद्या. आम्ही पोहोचण्याआधीच ते रद्दीच्या भावाने गेले होते. खांबांना गिऱ्हाईक होते, कागदांना नव्हते. वाडा पडल्याचे आम्हाला दुःख नाही. ते दप्तर गेल्याचे मात्र आहे!

का, ते नीट समजून घ्यावे लागेल. महार वतनाच्या जमिनी १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याखाली होत्या. ही वतने म्हणजे मोबदल्याच्या नावाखाली गुलामी आहे, हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. ते पास होऊ दिले गेले नाही. १९३९ साली हरेगावच्या परिषदेतही त्यांनी वतनदारांचा हाच प्रश्न मांडला. या वतनी जमिनी सरकारच्या मंजुरीशिवाय वतनाबाहेरच्या माणसाला कायमच्या देता येत नव्हत्या. तरीही दुष्काळात दोन पायली धान्यासाठी, लग्नातल्या कर्जासाठी त्या वाड्याकडे गेल्या. कधी गहाण म्हणून, कधी नुसत्या तोंडी बोलीवर.

पुढे कायदे बदलले. १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने संपली. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने संपली आणि जमिनी सरकारजमा होऊन वतनदारांना पुन्हा देण्याची तरतूद झाली, शर्तीवर! म्हणून आजही आपल्या अनेक सातबारांवर ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा दिसतो. अनधिकृत कब्जेदाराला काढण्याची तरतूदही त्या कायद्यात होती. पण कब्जा अनधिकृत आहे हे दाखवायला कागद लागतो, आणि आमचा कागद आमच्या झोपडीत कधीच नव्हता. तो वाड्यातल्या पेटाऱ्यात होता.

आमच्याकडे वकील म्हणून येणारे समाजबांधव सांगतात, “साहेब, ती जमीन आमच्या आज्याची.” साऱ्या गावाला ते ठाऊक असते. परंतु न्यायालय गावाच्या ठाऊक असण्यावर चालत नाही, नोंदीवर चालते. वारशाच्या नावाने रडणारे कोरीव खांबांसाठी रडतात. त्या खांबांखाली कोणाच्या जमिनीचे कागद होते, याची चौकशी कोणी करीत नाही.

मग काय करावे? वाडा गेला तरी सरकारी दप्तर अजून आहे. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार, कडईपत्रक, गाव नमुना तीनची दुमाला जमिनींची नोंदवही मागा. नक्कल मिळत नसेल, तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आपल्या हातात आहे. ऐंशी-नव्वदीचे म्हातारे-म्हाताऱ्या अजून आहेत, तोवर त्यांच्याकडून शेताची नावे, चतुःसीमा, कोणाला कधी दिले ते लिहून घ्या. आपल्या मुलांपैकी निदान दोघे-चौघे मोडी शिकू द्या. आणि गावात एखादा वाडा पाडायला निघाला असेल, तर पेढे वाटण्याआधी मालकाला गाठा. रुमाल रद्दीत घालू नका, पुराभिलेखागाराला द्या, असे सांगा. त्या कागदांत त्याच्या घराण्याचा इतिहास असेल, पण आमच्या पणज्याच्या अंगठ्याचा ठसाही असेल.

वाड्याच्या बाहेर उभे राहणे आम्ही १९५६ साली सोडले. आता आपल्या जमिनीच्या नोंदीबाहेर उभे राहणे सोडायचे आहे. त्यासाठी समाजबांधवांनी याच महिन्यात आपापल्या तहसीलचा रस्ता धरावा. जयभीम!